नको म्हणून मागितलेला उतार

आमच्या पट्ट्यात माझ्याबद्दल एक गोष्ट अजून सांगतात, आणि चुकीची सांगतात. म्हणे एका गोऱ्या बाईने मला फुकट सायकल दिली आणि मी तिच्याच अंगावर ओरडलो. ओरडलो हे खरं आहे. का ओरडलो ते मात्र कोणी सांगत नाही. ऐकणाऱ्याला तेवढी फुरसत नसते. म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या, पण चाकणच्या बाजूला अजून बैल हाच मोठा व्यवहार होता. चाकणच्या अलीकडे एका गावाला गुरांचा बाजार भरायचा आणि मी त्या बाजारात दलाल होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कारकुनाचे नातू आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि मला या वयात नवी भांडणं नको आहेत. जुनी पुरेशी आहेत.

लहानपणी तापात माझा डावा पाय गेला. म्हणजे पाय आहे, पण नुसता सोबतीला. चालायचं ते काखेतल्या कुबडीने. वडिलांकडे जमीन नव्हती. गावाने माझी सोय मनातल्या मनात लावून ठेवली होती: हा देवळाच्या दाराशी बसेल, येणारेजाणारे काहीतरी टाकतील. मी देवळाऐवजी बाजारात जाऊन बसलो. उभ्या माणसाला बैलाचं तोंड दिसतं, शिंगं दिसतात, झूल दिसते. बसलेल्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर पायच असतात. कोणता बैल मागचा खूर उचलून टेकतो, कोणाच्या गुडघ्यात पाणी आहे, कोणाला सकाळी गूळ आणि आणखी काही पाजून चालतं केलं आहे, हे मला वरचं जनावर न बघता कळायला लागलं. आधी लोक गंमत म्हणून विचारायचे, मग गरज म्हणून. कोणाच्या शिफारशीशिवाय मी दलाल झालो.

गुरांच्या बाजारातला सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. वर तोंडाने जे चालतं ते निव्वळ नाटक असतं. आणि त्या नाटकाचा पहिला नियम असा की जे जनावर मनात भरलं आहे, त्याला नावं ठेवायची. शेपूट आखूड आहे, खांदा उतरता आहे, चालताना झोपतो की काय. शेजारच्या भिकार बैलाची मात्र तोंड भरून स्तुती करायची. शेवटी "नको बाबा" म्हणून पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागून हाक येते. माझ्या सगळ्या आयुष्यात ती आली नाही असं एकदाच झालं आणि मी सांगतोय ती गोष्ट त्याच दिवसाची आहे.

आधी पायऱ्यांबद्दल सांगतो. बाजाराची कचेरी उंच जोत्यावर होती, कारण पावसाळ्यात खाली गुडघाभर चिखल व्हायचा. सौदा जमला की दलालाने दोन्ही पार्ट्यांना घेऊन वर जायचं आणि कारकुनाच्या टेबलासमोर सही करायची. त्या पायऱ्या कोणत्या गवंड्याने बांधल्या होत्या देव जाणे. घोड्यावर बसून चढायचा त्याचा विचार असावा. मला त्या चढायच्या तर बसून, हातांवर जोर देत, मागच्या मागे सरकत चढाव्या लागत. धोतराची अवस्था सांगत नाही. धोतर धुता येतं. पण जो दलाल बसून पायऱ्या चढतो त्याच्याकडून बैल घेणारं गिऱ्हाईक खाली आल्यावर बैलाचे पाय पुन्हा तपासतं. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर वर जाणं सोडलं.

माझ्याऐवजी वर जायचा एक दुसरा दलाल. उंच, सडपातळ, पायांचा चपळ आणि जिभेचा त्याहून चपळ. सौदा माझा, सही त्याची आणि दलाली निम्मी निम्मी.

"राव, तुमच्या पायऱ्यांवर माजं घर चालतंया," तो सरळ तोंडावर म्हणायचा. "त्या गवंड्याला म्या दर दिवाळीला नारळ द्याया पायजे."

"दे की. माझ्याकडून दोन दे. एक त्याच्या टाळक्यात घाल."

एका बाजाराच्या दिवशी जीप आली. जीपमधून एक गोऱ्या बाई उतरल्या आणि त्यांच्याबरोबर चिंचवडचे एक निवृत्त मामलेदार. हे गृहस्थ एका संस्थेच्या इकडच्या शाखेचे चिटणीस होते. सज्जन माणूस. सज्जन इतका की त्यांना बैल विकायला कोणीही धावलं असतं. त्यांनी मला संस्थेची माहिती दिली. देशोदेशी म्हणे त्यांची माणसं होती. कुठे आंधळ्यांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत, कुठे लढाईत पाय गमावलेल्यांना लाकडी पाय बसवून पुन्हा कामावर धाडत, कुठे बहिऱ्या मुलांच्या शाळा चालवत. आणि सगळीकडे त्यांचा नियम एकच होता: ज्याची अडचण, त्यालाच विचारायचं. तो जे सांगेल ते खरं मानायचं. आपली अक्कल त्याच्यावर लादायची नाही.

नियम फार चांगला आहे. मी आजही त्याला नावं ठेवत नाही. फक्त तो गुरांच्या बाजारात घेऊन यायचा नसतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कुबडीकडे पाहिलं, मग कचेरीच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि चिटणिसांच्या कानात काहीतरी बोलल्या.

चिटणीस म्हणाले, "बाई विचारताहेत, या पायऱ्यांच्या कडेने एक उतार बांधला तर तुम्हाला सोयीचं होईल का?"

माझ्या काळजाने उडी मारली. जी गोष्ट मागायची हेही मला कधी सुचलं नव्हतं, ती समोरून चालत आली होती. दगडमातीचा साधा उतार. मी माझ्या कुबडीवर, माझ्या पायांनी, गिऱ्हाइकाच्या बरोबरीने वर जाईन, सही करीन, आख्खी दलाली घरी नेईन. आणि काळजाने उडी मारली की चेहरा पाडायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तो आपोआप पडला.

"उतार?" मी म्हणालो. "उतार कशाला? पावसाळ्यात शेवाळ धरायचं. आणि उद्या म्हशी वर चढून कारकुनाच्या टेबलावर शेण टाकतील त्याचं काय?"

माझा जोडीदार दलाल मागे उभा होता. तो खोकला. त्याला सगळं कळलं होतं.

चिटणिसांनी माझं बोलणं शब्दन् शब्द बाईंना सांगितलं, म्हशींसकट. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. त्यांच्याकडे काही चित्रं होती. त्यातलं एक त्यांनी पुढे केलं. तीन चाकांची सायकल, हाताने फिरवायची. मला वाटलं, आली गाडी रुळावर. आता शेजारच्या बैलाची स्तुती.

"वा!" मी म्हणालो. "याला म्हणतात वस्तू! काय चाकं, काय बैठक! असं काही असेल तर माणूस राजा. उताराबितारात काय ठेवलंय?"

"म्हणजे उतार नको?" चिटणिसांनी विचारलं.

"नकोच."

आणि मी पाठ फिरवली. कुबडी टेकत सावकाश चालू लागलो. कडुनिंबापर्यंत गेलो. इथे हाक यायला हवी. चाल आणखी मंद केली. एका खोंडाची शिंगं चाचपली, उगाच. तेवढ्यात मागून आवाज आला. जीप सुरू झाल्याचा.

जोडीदार माझ्याजवळ येऊन उभा राहिला. दोघेही धुळीकडे बघत होतो.

"राव," तो म्हणाला, "गिऱ्हाईक गेलं."

"परत येईल."

"ते इलायतेला चाललंय राव. मागं वळून बगतंय व्हय?"

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलंही नाही. "त्यांनी इचारलं, तुमी न्हाई म्हनलात, ती गेली. आता राग कुनावर?"

"त्यांच्यावर! कोणी नको म्हटलं की लगेच विश्वास ठेवतात का?"

"मानसं ठेवत्यात," ती म्हणाली. "दलाल ठेवत न्हाईत."

सायकल आली. मांडव घातला होता, माझ्या गळ्यात हार घातला, चिटणिसांनी भाषण केलं. म्हणाले, आमच्या संस्थेने या बांधवाला त्याची गरज विचारली आणि त्याने निःसंकोचपणे सांगितली. निःसंकोच हा शब्द आला तेव्हा जोडीदार मांडवाच्या खांबाला धरून हसत होता. मी हार घालून सायकलवर बसलो होतो आणि समोर, दहा हातांवर, त्या पायऱ्या होत्या.

सायकल वाईट होती असं मी म्हणणार नाही. डांबरी सडकेवर, वारा पाठीशी असला तर, माणसाला खरंच राजा असल्यासारखं वाटायचं. पण गुरांचा बाजार सडकेवर भरत नाही. पहिल्याच दिवशी ती चिखलात आसापर्यंत रुतली आणि मला सायकलीसकट बाहेर काढायला बैल जुंपावा लागला. बैल मी नावं ठेवलेलाच होता. दुसऱ्या वेळी तिच्या घंटीला बिचकून एक म्हैस दावं तोडून पळाली आणि तिचा मालक मला शिव्या देत राहिला. मीही दिल्या. शेवटी बायकोने सायकल ताब्यात घेतली. मागे वैरणीची पेंढी बांधायची, पुढे मला बसवायची आणि म्हणायची, "चला, दोनी पोचवते."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पावसाळा सरता सरता कचेरीने नवा नियम काढला. ज्याचा सौदा त्यानेच सही करायची, बदली चालणार नाही. आणि दिवाळीपर्यंत ज्याच्या स्वतःच्या पुरेशा सह्या नसतील त्याचा परवाना बंद.

मी पायऱ्यांच्या खाली उभा राहून कारकुनाला हाक मारली. तो दारात आला.

"रावसाहेब, वही खाली आणा. इथे सही करतो."

"वही टेबलावरून हलत नाही. नियम आहे."

"का? तिलाही पाय नाहीत?"

तो आत गेला. त्याला राग आला नव्हता. विनोद कळला नव्हता, एवढंच.

म्हणून मग मी एकदा चढलो. बसून, सरकत, बाजाराच्या ऐन भरात. बैलजोडी उत्तम होती, गिऱ्हाईक खेडचं, माझ्या ओळखीचं. सही झाली. खाली आलो. आणि माझ्या ओळखीच्या त्या माणसाने माझ्याकडे न बघता वाकून एका बैलाचा पुढचा पाय उचलला आणि खूर तपासला. मग दुसऱ्याचा. माझ्यासारखा माणूस गप्प बसला म्हणून जोडीदार घाबरला.

"राव, पानी आनू का?"

त्यानंतर मी बाजारात जायचो ते कडुनिंबाखाली सायकलवर बसायला. सौदे करत नव्हतो. दिवाळी जवळ येत होती. माझ्याकडे दुसरा धंदा नव्हता आणि देवळाच्या दाराशी माझी जागा अजून रिकामीच होती.

त्या दिवसांत बाई पुन्हा आल्या. दिलेली वस्तू कशी चालते ते स्वतः येऊन पाहायचं, हाही त्यांचा नियम. त्या दिवशी बायको वैरण घ्यायला बाजारात आली होती. जीप दिसताच ती माझ्या कानाशी आली.

"आवं, आज तरी सरळ मागा. दोन शब्दांचं काम हाय."

"मला शिकवू नको. हिला कसं वळवायचं ते मला कळतं."

मी मनात मांडणी केली होती. आधी सायकलीची तारीफ, मग कचेरीची निंदा, मग पायऱ्यांचा विषय दुसऱ्या कोणाच्या तोंडून. बाई समोर आल्या, त्यांनी हात जोडले, चिटणीस म्हणाले, "बाई विचारताहेत, सायकल कशी आहे?"

"झकास!" मी म्हणालो.

बाईंना आनंद झाला. त्यांनी चिटणिसांना काही सांगितलं आणि चिटणीस मला म्हणाले, "बाई म्हणतात, फार समाधान वाटलं. तुम्ही स्वतः निवडलेली वस्तू, म्हणून जास्तच. मग आता आम्ही पुढच्या गावी निघतो."

पुढच्या गावी निघतो! माझी मांडणी सुरूही झाली नव्हती आणि गिऱ्हाईक उठलं. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी कुबडी सायकलच्या दांडीवर इतक्या जोरात आपटली की आसपासची गुरं मागे सरली.

"सायकल गेली खड्ड्यात!" मी ओरडलो. "मला उतार पाहिजे! त्या पायऱ्यांना उतार! पहिल्या दिवसापासून तोच पाहिजे होता!"

बाजार थांबला. उपरण्याखालचे हात उपरण्याखालीच राहिले. चिटणीस पांढरे पडले.

"अहो पण दलाल, तुम्हीच तर म्हणालात, नको म्हणून. मी दोनदा विचारलं."

"साहेब, मी सौदा करत होतो!"

"कशाचा सौदा? आम्ही तर देतच होतो!"

चिटणिसांनी बाईंना ते कसं समजावलं मला ठाऊक नाही. बराच वेळ लागला आणि मध्ये उपरण्याच्या खुणाही झाल्या. मला वाटलं, आता या रागावतील. बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पण त्यात मला लागेल असं काही नव्हतं. मग त्या पायऱ्यांपाशी गेल्या, माझी कुबडी मागून घेतली आणि काखेत धरून स्वतः पहिली पायरी चढून पाहिली. जमली नाही. परत येऊन त्या काहीतरी बोलल्या.

"बाई म्हणतात, उतार बांधू. कचेरीशी मी बोलतो," चिटणीस म्हणाले. "आणि विचारताहेत, आणखी काय हवं?"

इथे माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान झालं. पहिल्या शब्दाला "हो" आलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "बस, एवढंच."

उतार बांधला. कारकून कुरकुरला, पण दगड दुसऱ्याचे म्हटल्यावर त्याची कुरकुर फार टिकली नाही. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला मी गिऱ्हाइकाच्या शेजारून चालत वर गेलो. सही केली, माझी, मोठ्या अक्षरात. खाली आल्यावर गिऱ्हाइकाने बैलाच्या पायांकडे पाहिलंही नाही. कासरा धरला आणि निघाला. परवाना राहिला. गंमत अशी की महिनाभरात पायऱ्यांवरून कोणी जाईनासं झालं. गुडघे दुखणारे म्हातारे, पोटुशी बाई, पोतं उचललेला हमाल, सगळे उतारावरून. कारकून स्वतःची सायकल उतारावरून ढकलत थेट दारापर्यंत न्यायला लागला. म्हशी मात्र एकदाही वर गेल्या नाहीत.

"तुमचा उतार बरा हाय राव," जोडीदार म्हणाला. त्याची निम्मी दलाली गेली होती आणि तरी तो असं म्हणाला, हे मी त्याच्या नावावर जमा धरतो.

पण मला झोप लागेना. "आणखी काय हवं?" असं विचारलं होतं! पोस्टाला पायऱ्या आहेत. दवाखान्याला आहेत, आणि दवाखान्यात कोण जातं, धडधाकट माणसं? शाळेला आहेत. माझ्यासारखं एखादं पोर गावात असेल तर त्याने कुठे बसायचं? आणि मी काय म्हणालो, एवढंच! ज्या सौद्यात समोरचा पहिल्याच शब्दाला मान्य होतो, त्यात आपण कमी मागितलेलं असतं. हे बाजारातलं शेंबडं पोर सांगेल.

शेवटी एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून मी चिंचवडला गेलो, संस्थेच्या कचेरीत. पत्ता विचारत गावठाणात पोचलो. एका किराणा दुकानावर पाटी होती आणि पाटीवर बाण होता. बाण वर होता. दुकानाच्या कडेने एक अरुंद लाकडी जिना माडीवर जात होता. जिना कसला, शिडीच. अपंगांच्या संस्थेची कचेरी वर.

मी गल्लीत उभा राहून जी हाक मारली ती नदीपलीकडे गेली असेल. चिटणीस गॅलरीत आले.

"अरे, दलाल! या, या, वर या ना!"

"तुम्ही खाली या!"

ते खाली आले. शेवटच्या पायरीवर थांबले, माझ्याकडे बघितलं, मग वळून जिन्याकडे बघितलं, खालून वरपर्यंत.

"अरेच्चा," ते म्हणाले. "दलाल, हा जिना आधीपासूनच आहे हो."

"मग मी काय आत्ता येताना आणला?"

ते खजील झाले. मला वाटलं, आता सबबी सांगतील: जागामालक, भाडं. त्यांनी तसं काही केलं नाही. धोतर सावरून खालच्या पायरीवरच बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली. मी बसलो. दुकानदाराने न सांगता चहा पाठवला. गल्लीतले लोक आमच्याकडे बघत होते, आणि एका मामलेदाराबरोबर पायरीवर बसण्यात, खरं सांगतो, मला काहीही कमीपणा वाटला नाही.

"बोला," चिटणीस म्हणाले. "पण आधी एक सांगा. आज सौदा करताय की खरं बोलताय?"

"दोन्ही," मी म्हणालो. "पोस्टापासून सुरू करू. आणि हा जिना धरून."